केवढासा तो गोवा!

पणजीत राहणाऱ्याने आपल्याकडे गाडी आहे हे नातेवाइकांना कधी कळू देऊ नये. पूर्वी एकच विमानतळ होता, पणजीच्या दक्षिणेला दाबोळीचा. पाहुणा तिथे उतरायचा, आपण तिथे जायचो, विषय संपला. जानेवारी 2023 मध्ये पार उत्तरेला मोपाच्या नव्या विमानतळावरून विमानं सुरू झाली आणि आम्ही पणजीकर मधल्यामध्ये सापडलो. दोन्ही विमानतळांत सरळ रेषेत अंतर साधारण 40 किलोमीटर. पण आपण काही कावळे नाही. रस्त्याने 60-65 भरतात, आणि वाटेत शापोरा, मांडवी, झुआरी अशा तीन नद्या. उत्तर-दक्षिण अख्खा गोवा जेमतेम 105 किलोमीटर, सरळ रेषेत मोजला तरी त्यातला एक तृतीयांशाहून जास्त इथेच संपतो.

हे सगळं मी पुण्याच्या आत्याला फोनवर समजावलं. "अरे, केवढासा तो गोवा!" म्हणाली. ती उतरणार मोपाला, तिची लेक बंगळूरहून दाबोळीला. जिथलं तिकीट स्वस्त, तिथलं काढलेलं. "एका फेरीत होईल तुझं."

दाबोळी मुळात नौदलाची. कामाच्या दिवशी सकाळचे काही तास धावपट्टी त्यांच्या सरावाला लागते, म्हणून लेकीचं विमान दुपारचं. तेवढ्यावर माझी सगळी आशा.

आत्या वेळेत बाहेर आली. "पुण्याहून तासाभरात पोचले बघ!" पुढे बसून चिवड्याचा डबा मांडीवर घेतला. धारगळपर्यंतचा नवा जोडरस्ता गुळगुळीत. "उगाच बाऊ करतोस," आत्या म्हणाली. कोलवाळचा पूल गेला, म्हापसा गेलं.

मग पर्वरी आली. उड्डाणपुलाचं काम चाललेलं. दोन्ही बाजूंना पत्रे, मध्ये धूळ, आणि आमच्या पुढ्यात बर्फाचं पाणी गाळत उभा मासळीचा टेम्पो. आत्या शुद्ध शाकाहारी. तिने काच वर केली, चिवड्याचा डबा बंद केला आणि पदर नाकाला लावला. मोबाइलवर गाडी एक मिनिट पुढे सरकली की पोचायची वेळ दोन मिनिटं पुढे सरकायची.

"दादा, उतरले मी. कुठे आहेस?"

"पर्वरीला."

"मग आलासच की! केवढासा तो गोवा."

आईची लेक ती.

मांडवीवर आल्यावर आत्याला 1986 आठवलं. जुना पूल पडला तेव्हा ती माणसांनी भरलेल्या फेरीबोटीतून पलीकडे गेली होती. "पण एवढा वेळ नव्हता हो लागला." मेरशीला माझ्या घराचा फाटा दिसला, दिसला तसा मागे गेला. "इथेच ना तुझं घर? चहा घेऊन जाऊ की." मी ऐकलंच नाही असं दाखवलं. झुआरीच्या नव्या पुलावर तिला तारांचे फोटो हवे होते. तिथे थांबायला बंदी आहे, हे मी सांगितलं ते तिला माझं निमित्तच वाटलं.

दाबोळीला लेक ट्रॉलीला टेकून मरगळून उभी होती. मायलेकींची गळाभेट झाली. सामान भरता भरता मी परतीचं विचारलं. आत्या दाबोळीहून, लेक मोपाहून, दोघी एकाच सकाळी.

"उलटं का?"

"पाचशे रुपये वाचले! आणि ऐक, तिकडे सिंधुदुर्गात चिपीलाही विमानतळ झालाय ना? पुढच्या खेपेला ह्यांना तिथे उतरवते. तुला किती लांब पडेल रे?"