पासपोर्टचा मुद्दा राहून गेला

चाळिशीत बँकेतली नोकरी सोडून परदेशात इंग्रजी शिकवण्याचा पर्याय नुकत्याच वाचलेल्या एका लेखात उत्साहाने मांडला आहे; मात्र भारतीय वाचकापुढचा पहिला अडसर वयाचा नसून पासपोर्टचा आहे, आणि त्याचा लेखात उल्लेखही नाही. उदाहरणार्थ, दक्षिण कोरियाचा इंग्रजी शिक्षकांसाठीचा ई-२ व्हिसा मुख्यतः अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांसाठी आहे. २०१० पासून लागू असलेल्या भारत-दक्षिण कोरिया व्यापार करारामुळे भारतीयांनाही दार किलकिले झाले, पण ते पदवीसोबत अध्यापनाची अधिकृत अर्हता असलेल्यांपुरतेच.

इंग्रजी शिकवण्यासाठी घरबसल्या मिळणारे १२० तासांचे प्रमाणपत्र पुरेसे आहे, हे लेखातले विधानही पटले नाही. केंब्रिजच्या सेल्टा या इंग्रजी-अध्यापनाच्या प्रशिक्षण अभ्यासक्रमात सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवावे लागते आणि प्रशिक्षक मागे बसून टिपणे घेत असतो. आयुष्यभर मीटिंगा गाजवलेल्या माणसाची कसोटी तिथेच लागते, कारण इथे स्वतः कमी बोलून वर्गाला बोलते करायचे असते. ‘समजले का?’ असे विचारून भागत नाही (सारा वर्ग एका सुरात ‘हो’ म्हणतो, हे आपण जाणतोच). ‘लिहायचे की बोलायचे? एकट्याने की जोडीने?’ अशा छोट्या प्रश्नांतून सूचना पोचली की नाही हे काढून घ्यावे लागते.

राजीनाम्यापूर्वी त्या देशाच्या वकिलातीचे नियम वाचावेत, पदवीचे साक्षांकन आणि पोलिसांचा दाखला यांत जाणारा वेळ हिशेबात धरावा, आणि ‘टुरिस्ट व्हिसावर या, पुढचे बघू’ म्हणणाऱ्या एजंटाच्या नादी मुळीच लागू नये.