एकाच तराजूत माती आणि सल्फेट

जुलै 2025 मध्ये भारतातील बहुतेक कोळशावरच्या वीजकेंद्रांना धुरातील सल्फर डायऑक्साइड शोषणारी यंत्रणा बसवण्याच्या अटीतून सूट मिळाली. आपल्या शहरांच्या हवेत हा वायू मुळातच मर्यादेच्या आत आहे, असे या सवलतीच्या समर्थनार्थ सांगितले गेले. मुद्दा खोटा नाही, अपुरा आहे. हा वायू हवेत फार काळ वायुरूपात राहत नाही. त्याचे सल्फेट बनते, अमोनियाशी संयोग पावते आणि चिमणीपासून शेकडो किलोमीटर दूरच्या शहरात पीएम 2.5 म्हणून (म्हणजे 2.5 मायक्रोमीटर किंवा त्याहून बारीक कण), रस्त्यावरच्या धुळीबरोबर एकाच तराजूत तोलले जाते.

मी जर्मनीत राहतो. युरोपीय संघाच्या 2024 च्या निर्देशानुसार हवा मोजणाऱ्या निवडक शहरी केंद्रांवर कणांच्या वजनाबरोबर त्यांचे घटकही मोजणे बंधनकारक होत आहे. दिवसभर हवा ओढून राखाडी पडलेल्या क्वार्ट्झच्या फिल्टरचा एक तुकडा पाण्यात भिजवून सल्फेट व नायट्रेट मोजतात, दुसरा टप्प्याटप्प्याने तापवून सेंद्रिय कार्बन आणि काजळी वेगळी काढतात. मातीतील सिलिकॉनसाठी मात्र टेफ्लॉनचा फिल्टर लागतो, कारण क्वार्ट्झ स्वतःच सिलिकॉनचे! लेव्होग्लुकोसन नावाची शर्करा सापडली, तर कुठे तरी लाकूड किंवा पालापाचोळा जळाला, हे जवळपास नक्की. लाकूड नैसर्गिक, मग त्याचा धूर वाईट कसा, असे म्हणत घरातली शेगडी जपणारे इथेही पुष्कळ आहेत. पण त्यांच्याशी वाद घालायला निदान हा पुरावा हाताशी असतो.

आपल्याकडे हे ज्ञान नाही, असे मुळीच नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मुंबई-पुण्यासह सहा शहरांत असा अभ्यास करून घेतला होता आणि देशाच्या हवेसाठीच्या 2009 च्या मानकांत शिसे, निकेल, आर्सेनिकही आहेत. परंतु एकदा केलेला अभ्यास ऋतूगणिक बदलणाऱ्या हवेला वर्षानुवर्षे पुरत नाही. 2019 पासूनच्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात शहरांची प्रगती मुख्यतः पीएम 10 वर, म्हणजे धुळीसारखे जाडसर कणही धरणाऱ्या आकड्यावर, जोखली गेली. ज्या आकड्यावर निधी मिळतो, तोच आकडा महापालिका खाली आणणार, म्हणून रस्ते झाडणारी यंत्रे आणि पाण्याचे फवारे आले. बांधकामाची धूळ त्यांनी थोडी बसतेही. दूरच्या चिमणीतून आलेले सल्फेट त्यांनी बसत नाही, आणि ते किती आहे हे रोज मोजले जात नाही तोवर वीजकेंद्रांना दिलेल्या सवलतीचा हिशेब शहरांना मागता येणार नाही.