नोड वाढवले की स्पीड वाढतो? उलट कमी होतो

ताईच्या शाळेच्या आवारात कॅमेरे बसवायचं घाटतंय. तेवढ्यात वाय-फाय मेशबद्दलचा एक मेसेज तिच्यापर्यंत पोचला आणि तिने तो मला पाठवून विचारलं, "मग हेच घेऊ ना? खोदकाम तरी वाचेल." मेश म्हणजे एकमेकांशी वाय-फायने बोलणाऱ्या खोक्यांचं जाळं; त्यातलं प्रत्येक खोकं म्हणजे नोड, आणि ते शेजारच्याचा डेटा पुढे ढकलतं. मेसेज बहुतेकांच्या फोनवर येऊन गेला असेल. 'वायर विसरा, मेश घ्या. जितके नोड जास्त तितका स्पीड जास्त. खोक्यावर १२०० एमबीपीएस लिहिलंय, म्हणजे ४ एमबीपीएसचे ३०० कॅमेरे आरामात चालतील. एक नोड बंद पडला तरी चित्र क्षणभरही थांबत नाही. भिंत, झाड, पाऊस, कशाचाच फरक पडत नाही. सगळं एन्क्रिप्टेड असल्यामुळे कोणी हात लावू शकत नाही.' मुलांच्या सुरक्षेचा निर्णय असल्या मजकुरावर होणार असेल तर मला गप्प बसवत नाही.

३०० कॅमेऱ्यांचा हिशेब आधी घेतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान तोच करणार आहे. एमबीपीएस म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट डेटा जातो ते माप. १२०० हा आकडा कुठल्याही एका लिंकचा, म्हणजे दोन खोक्यांमधल्या एका जोडणीचा नसतो. २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झच्या रेडिओचे ८६७ यांची बेरीज करून, ती वर ढकलून तो छापलेला असतो. कॅमेऱ्याचा डेटा एका वेळी त्यातल्या एकाच रेडिओवरून जातो. शिवाय ८६७ हा हवेतला कच्चा वेग आहे. पोच पाठवणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं, हुकलेलं पुन्हा पाठवणं यातच त्याचा मोठा भाग खर्च होतो. अगदी जवळून, मध्ये काही नसताना निम्म्याच्या आसपास हाती लागतो. अंतर वाढलं, मध्ये भिंत आली की आणखी घसरतो. तरी उदार मनाने धरू की एका लिंकवर खरे २०० एमबीपीएस मिळाले.

आता नोड वाढवा. वाय-फायचा रेडिओ एकाच चॅनेलवर (लहरींच्या एकाच पट्ट्यावर) एकाच वेळी बोलू आणि ऐकू शकत नाही. मधला नोड आधी मागच्याचं ऐकून घेतो, मग तेच पुढच्याला सांगतो. म्हणजे दुसऱ्या टप्प्यालाच वेग निम्मा. पुढची अडचण यापेक्षा मोठी आहे. एका रांगेत पाच नोड आहेत असं समजा. पहिला दुसऱ्याला पाठवत असताना दुसऱ्याने गप्प राहायचं, हे उघड आहे. तिसऱ्यानेही गप्प राहायचं, कारण त्याचा आवाज दुसऱ्याच्या कानावर आदळतो. चौथ्याचं बोलणं दुसऱ्याला नीट समजण्याइतकं पोचत नाही, पण गोंधळ घालण्याइतकं नक्की पोचू शकतं, म्हणून तोही थांबला पाहिजे. थोडक्यात, अशा लांब रांगेत चारपैकी एकाच दुव्यावर काम चालू असतं आणि वेग चौथ्या हिश्श्यावर येतो.

हा माझा अंदाज नाही. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या जिनयांग ली आणि सहकाऱ्यांनी २००१ साली मोबिकॉम या मोबाइल नेटवर्कवरच्या परिषदेत मांडलेल्या शोधनिबंधात हे सविस्तर आहे. एक चतुर्थांश ही तिथे आदर्श मर्यादा आहे. वाय-फायच्या नियमांनी प्रत्यक्ष पाळी लावून संगणकावर सिम्युलेशन केलं तेव्हा हाती आला साधारण एक सप्तमांश, कारण रांगेतल्या पहिल्या नोडवर गर्दी कमी असते, तो भराभर डेटा ढकलत राहतो आणि पुढे तो तुंबतो. तेव्हाचे रेडिओ आजच्यापेक्षा फार हळू होते, त्यामुळे आज हे प्रमाण थोडं इकडेतिकडे होईल. पण एकाच चॅनेलवर शेजाऱ्याने बोलताना आपण थांबायचं, हा नियम रेडिओ वेगवान झाला म्हणून बदलत नाही.

२०० ला ७ ने भागा. सुमारे २८ एमबीपीएस. ४ एमबीपीएसचे ७ कॅमेरे, तेही काठोकाठ. मेसेज म्हणतो ३००!

'माझ्या घरी मेश मस्त चालतो' असं यावर लगेच कोणीतरी म्हणतं. चालतो, कारण घरात आपण सिनेमा बघतो आणि तो पुढचा भाग आधीच भरून ठेवतो. मध्ये दोन सेकंद लिंक ढिली पडली तर कळतही नाही. थेट कॅमेऱ्याला पुढचं भरून ठेवायची सोयच नाही. त्याचा डेटा चोवीस तास वरच्या दिशेने वाहतो आणि सगळे कॅमेरे एकाच रेकॉर्डरकडे येत असल्यामुळे रेकॉर्डरजवळच्या नोडवर सगळ्यांची गर्दी होते. रात्री कमी उजेडात चित्रात दाणे वाढतात, त्यांनी बिटरेट, म्हणजे कॅमेरा सेकंदाला पाठवतो तो डेटाही वाढू शकतो. म्हणजे गरज सगळ्यात जास्त तेव्हाच ताणही जास्त. त्यात कॅमेरा पूर्ण चित्राची फ्रेम अधूनमधूनच पाठवतो, मधल्या वेळात फक्त बदल पाठवतो. त्या पूर्ण फ्रेमचे काही तुकडे हरवले, की पुढची पूर्ण फ्रेम येईपर्यंत चेहऱ्याच्या जागी नुसते चौकोन दिसतात.

'क्षणभरही थांबत नाही' यात अर्धं सत्य आहे, तेवढं मान्य करतो. रेकॉर्डरपर्यंत जायला खरोखर दोन वेगळे मार्ग असतील तर मेश दुसरा शोधतो, आणि एकट्या लिंकपेक्षा ते नक्कीच बरं. पण तो शोधायला वेळ लागतो आणि तेवढं चित्र जातं. बऱ्याच ठिकाणी दूरच्या कोपऱ्याला एकच नोड दिसतो. तो गेला की कोपराच गेला. दोन्ही नोड एकाच वीजजोडणीवर असतील तर दोन्ही एकदमच जातात. शिवाय ५ गिगाहर्ट्झच्या काही चॅनेलवर रडारला प्राधान्य असतं. रडारचा सिग्नल आढळला की चॅनेल सोडावा लागतो, ३० मिनिटं तिथे परतता येत नाही, आणि नवा चॅनेलही त्याच गटातला असेल तर निदान ६० सेकंद नुसतं ऐकत बसावं लागतं.

पावसाबद्दल फार बोलत नाही. ५ गिगाहर्ट्झला पावसाने विशेष फरक पडत नाही हे खरं आहे, ६० गिगाहर्ट्झला चांगलाच पडतो. भिंत आणि ओल्या पानांचं झाड मात्र ५ गिगाहर्ट्झलाही नडतं.

एन्क्रिप्शन, म्हणजे डेटा सांकेतिक करून पाठवणं, चित्र लपवतं, लिंक वाचवत नाही. त्याच चॅनेलवर कोणी नुसता गोंगाट केला तरी कॅमेरे आंधळे होतात आणि त्यावर कुठलाही पासवर्ड चालत नाही. लपवण्याचीही कायमची हमी नसते: २०१७ साली सुरक्षा संशोधक मॅथी व्हॅनहूफ यांनी डब्ल्यूपीए२ या वाय-फायच्या सुरक्षा पद्धतीतली 'क्रॅक' नावाची त्रुटी उघड केली, तेव्हा जगभरच्या उपकरणांना अपडेट घ्यावे लागले. विकत घेताना पुढे अपडेट किती वर्षं मिळणार हे विचारलंच पाहिजे.

म्हणजे मेश घेऊच नये का? जिथे खोदणं शक्यच नाही किंवा काम तात्पुरतं आहे, तिथे जरूर घ्या. फक्त नोडनोडमधल्या बोलण्यासाठी वेगळा रेडिओ आणि वेगळा चॅनेल असलेला घ्या, आणि कॅमेऱ्यापासून रेकॉर्डरपर्यंत दोन टप्प्यांपलीकडे जाऊ नका. समोरासमोर मोकळी दृष्टिरेषा असेल तर दिशा धरणाऱ्या अँटेनांची थेट लिंक मेशपेक्षा सरस. मुख्य दरवाजा आणि जिने इथे वायरच टाका. तसंही कॅमेऱ्याला वीज न्यायला वायर लागणारच आहे, मग त्याच केबलमधून वीज आणि डेटा दोन्ही नेता येतात. प्रत्येक वायरलेस कॅमेऱ्यात मेमरी कार्ड असू द्या, म्हणजे लिंक तुटली तरी त्या वेळचं रेकॉर्डिंग कॅमेऱ्यात राहील.

आणि पैसे देण्याआधी विक्रेत्याला एक चाचणी करायला लावा. रात्रीच्या वेळी, सगळे कॅमेरे चालू असताना, सगळ्यात दूरच्या नोडवरून रेकॉर्डरपर्यंत आयपर्फ या वेग मोजायच्या सॉफ्टवेअरने काही तास वेग मोजायचा, मध्येच एका नोडची वीज काढायची, आणि रेकॉर्डिंगमध्ये किती सेकंदांची फट पडली ते सकाळी तुमच्यासमोर उघडून दाखवायचं.