गोचीड, फटाके, चटके

शाळेत सहा ऋतू घोकून पाठ केले होते. डोंबिवलीपर्यंत त्यातले तीनच पोचतात, आणि आमच्या घरात आल्यावर त्यांची नावंही बदलतात: गोचीड, फटाके आणि चटके. ही नावं आमच्या जनावरांच्या डॉक्टरांनी ठेवलेली नाहीत, ते सभ्य गृहस्थ आहेत. त्यांनी फक्त मोसमाच्या तोंडावर एकेक छापील पत्रक हातात ठेवायची पद्धत पाडली आहे. ‘पावसाळ्यात घ्यावयाची काळजी’, ‘दिवाळीत घ्यावयाची काळजी’. पत्रक फ्रिजवर लागतं आणि त्या दिवसापासून घरातली चार माणसं एका बिस्किटी रंगाच्या गावठी कुत्र्याच्या सोयीने उठतात, बसतात आणि जेवतात.

कुत्र्याचं नाव बंड्या. मला खोकला झाला तर घरात उपाय एकच, आल्याचा चहा, आणि तोही मीच करायचा. नवऱ्याचे कोलेस्टेरॉलचे रिपोर्ट कुठल्या कप्प्यात आहेत ते त्या कप्प्यालाच ठाऊक. बंड्याची मात्र फाईल आहे. लसीकरणाचं कार्ड लॅमिनेट केलेलं आहे. जंताच्या औषधाची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिलेली असते, आणि त्याच चौकोनातल्या आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला उरलेली जागा मिळते.

पावसाळ्याच्या पत्रकात पहिलंच वाक्य असतं : ‘प्राण्याचे अंग रोज तपासावे.’ लिहायला दोन सेकंद लागतात. करायला वर्तमानपत्र, टॉर्च, चिमटा, साबणाच्या पाण्याची वाटी आणि किमान तीन माणसं लागतात. एकाने पुढून धरायचं, एकाने मागून, आणि तिसऱ्याने कानाची पाळी उलटी करून आत बघायचं. मग पट्ट्याखाली, काखेत, शेपटीच्या बुडाशी, आणि सगळ्यात शेवटी बोटांच्या बेचक्यात. बेचक्यात हात घातला की बंड्या पाय असा काढून घेतो की जणू आम्ही त्याचा सात-बारा मागतोय.

सापडते ती कधी तिळाएवढी असते, तपकिरी, चपळ, बघता बघता केसांत गडप. कधी रक्त पिऊन टम्म झालेली, राखाडी, एरंडाच्या बीसारखी, आणि तिच्या खालच्या टोकाला आठ पाय नुसते वळवळत असतात. तिला उचलायचं शास्त्र आहे. चिमटा तिच्या पोटाला लावायचा नाही, कातडीला टेकवून तोंडापाशी धरायचं आणि सरळ, सावकाश ओढायचं. पिळायचं नाही. नखाने फोडायचं तर मुळीच नाही. मग टुपकन वाटीत. पहिल्यांदा हे केलं त्या दिवशी मी रात्रीच्या जेवणात साबुदाण्याची खिचडी करणार होते. तो बेत बदलला.

अण्णांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, या शास्त्रावर विश्वास नव्हता. ते तासगावकडचे, तालमीत वाढलेले, घरी बैल-म्हशी बघितलेले. त्यांचा पहिला उपाय रॉकेल. ते आता मिळत नाही म्हटल्यावर दुसरा उपाय तंबाखूचं पाणी. डॉक्टरांनी हात जोडले. “अण्णा, निकोटीन कातडीतून आत जातं आणि वर हा अंग चाटतो. गोचिडीचं काय व्हायचं ते होईल, कुत्रा आधी आडवा पडेल.” अण्णा दवाखान्यातून बाहेर पडेपर्यंत गप्प होते. रिक्षात म्हणाले, “आमच्या बैलांना कधी काही झालं नाही.” मग थोड्या वेळाने, “म्हणजे झालं असेल. बैल बोलत नाही.”

पण खरा बॉम्ब डॉक्टरांनी पुढच्या भेटीत टाकला. कुत्र्याच्या अंगावर दिसते ती गोचिडींची फक्त बाहेर फिरायला आलेली मंडळी. बाकीचं खानदान घरात. मादी पोटभर रक्त प्यायली की खाली उतरते आणि भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीमागे, दिवाणाच्या सांध्यात जाऊन हजारोंनी अंडी घालते. पिल्लं भिंतीवर चढतात. काही खाल्ल्याप्यायल्याशिवाय महिनोन् महिने वाट बघू शकतात. हे ऐकल्यापासून नवरा टॉर्च घेऊन चौकटींसमोर उकिडवा बसायला लागला. चपलांचं कपाट रिकामं झालं. बिल्डरने ताबा देतानाच ठेवलेल्या फटी व्हाइट सिमेंटने बुजल्या. मुलाच्या मुंजीला जो रंग निघाला नाही, पाहुणे येणार म्हणून निघाला नाही, माझ्या सांगण्याने तर नाहीच नाही, तो गोचिडीच्या शब्दाला मान देऊन निघाला. रंग मात्र छान लागला आहे.

हा सगळा धसका उगाच नाही. मागच्या पावसाळ्यात बंड्याने पोळी नाकारली. पोळी नाकारणं हे त्याच्या बाबतीत मृत्युपत्र करण्याइतकं गंभीर. थर्मामीटर लावावा लागला, आणि कुत्र्याचा थर्मामीटर कुठे लावतात हे ज्यांना माहीत आहे त्यांना आणखी सांगायला नको. आता घरात दोन थर्मामीटर आहेत, दोन्हींवर लेबलं आहेत, आणि अण्णा आपला लावण्यापूर्वी चष्मा पुसून लेबल मोठ्याने वाचतात. आम्ही पूर्वी १०२ बघून एकदा रात्री डॉक्टरांना उठवलंही होतं. कुत्र्याचं तापमान मुळातच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, हे त्यांनी झोपेतल्या आवाजात पण न रागावता सांगितलं होतं. या वेळी मात्र पारा १०४ वर गेला. हिरड्या पांढुरक्या. रक्त तपासलं तर प्लेटलेट घसरलेल्या. गोचीडताप. एर्लिकिया नावाचा जिवाणू गोचिडीच्या चाव्यातून येतो. गोचिडीतूनच येणारा बबेसिया म्हणून एक परजीवीही आहे, तो तांबड्या पेशींत शिरतो. ‘प्लेटलेट’ हा शब्द सोसायटीत पोचल्याबरोबर बी विंगमधून पपईच्या पानांचा रस आला. तो आम्ही तुळशीत ओतला.

खरं औषध डॉक्सीसायक्लिन. महिनाभर, रोज, एकही दिवस न चुकवता, आणि मागोमाग पाणी, कारण कॅप्सूल अन्ननलिकेत चिकटून बसली तर तिथे जखम करते. नामदेव तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावले, त्याने कोरडी भाकरी खाऊ नये म्हणून. लहानपणी ही गोष्ट ऐकून माझे डोळे भरून यायचे. मी महिनाभर कॅप्सूल घेऊन धावले आणि मला एक मूलभूत शंका आली, की तो कुत्रा पळाला का होता? पोळीत घातली तर पोळी संपायची, कॅप्सूल चाटूनपुसून फरशीवर. पेढ्यात घातली तर पेढा संपायचा. तुपात घोळवून बघू का, असं विचारलं तर डॉक्टर म्हणाले, तूपतेल जास्त झालं की कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येते. नामदेवांच्या काळात ही अडचण नसावी. शेवटी जबडा उघडून जिभेच्या मुळाशी ठेवायची, तोंड मिटून धरायचं आणि गळ्यावरून हात फिरवायचा ही युक्ती जमली. बंड्या गिळायचा. माझ्याकडे असा बघायचा की मी संध्याकाळी त्याला जास्तीची पोळी द्यायचे.

आता दर मोसमात गोचीड मारायची चघळायची गोळी देतो. ती चवीला चांगली असते, म्हणजे बंड्याचं तसं मत आहे. शेजारी काही जण मानेवर टाकायचे थेंब वापरतात. यावरून एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण वरच्या मजल्यावरच्या काकू त्या थेंबांची अर्धी नळी त्यांच्या मनीसाठी मागायला निघाल्या होत्या. “मांजर लहान, अर्धी पुरे,” असा हिशेब. कुत्र्यांच्या कित्येक थेंबांत पर्मेथ्रिन असतं, आणि मांजराला ते पचवता येत नाही; झटके येऊन जीव जाऊ शकतो. काकूंना हे डॉक्टरांनी फोनवर जरा चढ्या आवाजात सांगितलं. क्रोसिनही देऊ नका, तीही मांजराला विष, हे त्याच दमात सांगितलं. काकूंनी क्रोसिनचं विचारलंही नव्हतं. काकू दुखावल्या. मनी ठणठणीत आहे.

पत्रकात पुढे ‘साचलेल्या पाण्यातून नेऊ नये’ असं आहे. उंदरांच्या मुतातून लेप्टो येतो, तो कुत्र्याला होतो आणि माणसालाही. मुद्दा बिनतोड आहे. फक्त जुलैत आमच्या रस्त्यावर डबकं टाळायचं तर रस्ताच टाळावा लागतो. म्हणून नवरा बंड्याला उचलून घेतो आणि स्वतः घोट्याएवढ्या पाण्यातून चालतो. बंड्याला लेप्टोची लस दरवर्षी मिळते, नवऱ्याला नाही. हे मी एकदा बोलून दाखवलं. तेव्हापासून तो गमबूट घालतो आणि घरी आल्यावर ड्रायरने पाय वाळवायचा पहिला मान तरीही बंड्याचाच असतो.

खाण्याचं प्रकरण आषाढात सुरू होतं आणि पुढे संपतच नाही. कांदेनवमीला घरात भज्यांचा घाणा पडला की बंड्या गॅसखाली ठाण मांडतो. कांदा-लसणाने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात, आणि परिणाम काही दिवसांनी दिसतो. तोवर आपण कांदा विसरलेलो असतो. आपला चातुर्मास कार्तिकात सुटतो. बंड्याचा बारमाही आहे. मग गणपती येतात, शिरा होतो, आणि शिऱ्यात बेदाणे. डॉक्टर म्हणाले, द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं बंद पाडू शकतात, आणि किती खाल्ल्यावर असं काही सांगता येत नाही, म्हणून एकही नको. अण्णांनी हे तालुक्यावर घेतलं. “सांगलीच्या बेदाण्याला मानांकन आहे, डॉक्टर. जगभर जातो.” डॉक्टर म्हणाले, जाऊ दे, बंड्याच्या पोटात नको. संशय टार्टरिक आम्लावर आहे, आणि ते चिंचेतही असतं, म्हणून चिंचेची आमटीही नको. अण्णा माझ्याकडे वळून म्हणाले, “सूनबाई, मग हा महाराष्ट्रात राहतो कशाला?”

दिवाळीचं पत्रक सगळ्यात लांबलचक. खिडक्या-पडदे बंद, पंखा फुल, टीव्ही चालू, संध्याकाळचं फिरणं उजेडात उरकायचं, पट्ट्यावर फोन नंबर, कारण घाबरलेला कुत्रा सुटला की स्वतःचं घर ओलांडून पळतो. फारच भेदरत असेल तर औषध आधीच विचारून ठेवा, लक्ष्मीपूजनाच्या रात्री नऊ वाजता फोन करू नका. (हे वाक्य ठळक अक्षरांत आहे. मागे कोणी केला असेल ते उघड आहे.) माणसाला वीस हजार हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून वरचं. रात्री १० ते सकाळी ६ आवाजी फटाके वाजवायचे नाहीत असा सर्वोच्च न्यायालयाचा २००५ चा आदेश आहे. नरकचतुर्दशीला पहाटे चार वाजता आमच्या कंपाउंडमध्ये कारीट फुटायच्या आधी सुतळी बॉम्ब फुटतो. बंड्या दिवाणाखाली, आणि त्याला बाहेर ओढायचं नाही असं पत्रकात असल्यामुळे त्याच्याशेजारी उटणं लावलेला माझा मुलगा, अभ्यंगस्नान अर्धवट टाकून. चकल्या आत सरकवाव्या लागतात. एकालाच.

मार्चपासून चटके. सी विंगमध्ये एक हस्की आहे, त्याचे मालक एसीचं बिल लिफ्टमध्ये सगळ्यांना सांगतात. त्याचे केस भादरावेत असं त्यांच्या मनात होतं, डॉक्टरांनी मोडता घातला. तो दुहेरी कोट उन्हापासूनही वाचवतो. आम्हाला सूचना एवढीच, की फिरवण्याआधी तळहाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद ठेवून बघा. तुम्हाला सोसलं तर त्याच्या पंजांना सोसेल. हे काम अण्णांकडे आहे. ते गेटबाहेर पडतात, वाकतात, रस्त्याला हात लावून मनाशी आकडे मोजतात. लोकांना वाटतं म्हातारा रोज धरणीमातेला नमस्कार करतो. बाजूच्या इमारतीतले एक गृहस्थ त्यांना आता वाकून नमस्कार करतात आणि अण्णांनी त्यांचा गैरसमज दूर केलेला नाही.

गोळी असो की इंजेक्शन, मात्रा वजनावर ठरते, म्हणून दर मोसमाला आधी वजन. बंड्या काट्यावर उभा राहत नाही. एक पाय ठेवतो, काटा हलला की उतरतो. त्यामुळे अण्णा त्याला उचलून काट्यावर चढतात, मग बंड्याला खाली ठेवून एकटे चढतात, आणि डॉक्टर वजाबाकी करतात. फाईलवर बंड्याच्या प्रत्येक वजनाशेजारी कंसात अण्णांचं वजन आहे. अण्णांच्या स्वतःच्या डॉक्टरांकडे नसेल इतकी नीट नोंद.

परवा डॉक्टरांनी पानं मागे उलटली, चष्मा वर सरकवला.

“बंड्या जिथल्या तिथे आहे. कंसातला आकडा मात्र चढत चाललाय.”

अण्णा काट्यावरून उतरले, चपला घातल्या.

“कंसातल्याला बेदाणे चालतात ना?”

“मोजून.”

“मग फाईलवर तसं लिहून द्या. सूनबाई तुमचं लिहिलेलं पाळते.”