१९५५ सालात राहायला जाण्यापूर्वी

तो फोटो तुम्हालाही आला असेल. हिरवळीवर पांढरंशुभ्र घर, दारात शेपटाला पंख फुटलेली लांबलचक गाडी, टाय लावलेला नवरा, घोळदार फ्रॉकवर एप्रन बांधलेली बायको आणि दोन गुटगुटीत मुलं. खाली मजकूर : ‘एका पगारात घर, गाडी, संसार. कुठे गेली ती अमेरिका?’ मला तो आमच्या चिंचवडच्या काकांनी पाठवला. ती अमेरिका होती तेव्हा काका पाळण्यात होते, तेही सोलापुरात. पण एकदा गहिवर आला की भूगोल कुठे आड येतो?

तुम्हालाही असेच कढ येत असतील, तर नुसते उसासे टाकत बसू नका. सरळ तिकडे राहायला जा. थोडी तयारी मात्र हवी.

आधी गोरे व्हा. ही अट माझी नाही. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर बटाट्याची शेतं होती, तिथे १९४७ पासून लेव्हिटाउन नावाची एकसारख्या घरांची वसाहत उभी राहिली. काम जोरात असताना दिवसाला ३० घरं, १९५१ पर्यंत एकूण १७,४४७. फोटोतलं घर बहुधा याच जातकुळीतलं. सुरुवातीच्या भाडेकरारात स्वच्छ लिहिलेलं होतं, की गोऱ्या वंशाखेरीज कुणी इथे राहायचं नाही. घरकामाला इतर वंशाचे नोकर चालतील, एवढी उदारता होती. तेव्हा तुम्हाला फोटोत अजिबात जागा नाही असं नव्हे. नीट पाहिलंत तर मागे खरकटी काढताना दिसाल. पेनसिल्व्हेनियातल्या दुसऱ्या लेव्हिटाउनमध्ये १९५७ साली पहिलं काळं कुटुंब राहायला आलं, तेव्हा शेजाऱ्यांनी स्वागताला खिडकीतून दगड पाठवले.

समजा, जमलं गोरं होणं. मग घर बघा. ७५० चौरस फूट, दोन खोल्या झोपायच्या, न्हाणीघर एकच, माळा अर्धवट. तो तुम्ही सवडीने पुरा करायचा. कोथरूडचा जुना फ्लॅट लहान पडतो म्हणून निघाला असाल तर चटईक्षेत्र पुन्हा एकदा मोजून घ्या. कुंपण घालायला बंदी. गवत दर आठवड्याला कापायचं. शनिवार-रविवारी बाहेर कपडे वाळत घालायचे नाहीत. आणि तुम्ही सोसायटीच्या सेक्रेटरीला कंटाळून चालला आहात, नाही का?

आता तो सुप्रसिद्ध एक पगार. तो मिळावा म्हणून आधी महायुद्ध लढून या, कारण घराला हातात एक डॉलर नसताना कर्ज मिळायचं ते १९४४ च्या कायद्याने, परतलेल्या सैनिकांना. (काळे सैनिकही लढले होते. पण बँकेच्या दारात ते पुन्हा नुसते काळे.) शिवाय युरोप आणि जपानचे कारखाने बेचिराख झालेले असले पाहिजेत, म्हणजे जगाला माल विकायला तुमच्याखेरीज फारसं कुणी उरत नाही. कामगारांपैकी जवळजवळ एक तृतीयांश युनियनमध्ये हवेत. आणि सर्वांत वरच्या उत्पन्नावर ९१ टक्के प्राप्तिकर. शेवटची दोन वाक्यं काकांना पाठवू नका. त्यांना युनियन हा शब्द ऐकला तरी आम्लपित्त होतं.

सौंना विचारलंत का? नसेलच. पण १९५५ मध्ये त्याने काही बिघडत नाही. त्यांच्या नावाने कर्ज काढायचं तर बँक बहुधा तुमचीच सही मागणार. तो भेदभाव बेकायदा ठरायला १९७४ उजाडलं. मुलींची लग्नं विशीत उरकायची, म्हणजे या बाबतीत काकांना तिथे घरच्यासारखं वाटेल.

मुलांची तब्येत हा नाजूक विषय आहे, म्हणून तारीख जपून निवडा. १९५२ साली अमेरिकेत पोलिओचे सुमारे ५८,००० रुग्ण होते. तीन हजारांहून जास्त दगावले. उन्हाळ्यात आया मुलांना तलावावर पाठवायला घाबरत. सॉल्क यांची लस परिणामकारक असल्याची घोषणा झाली १२ एप्रिल १९५५ ला. तेव्हा १३ एप्रिलनंतरचं आरक्षण करा. बाकी मजाच मजा. चपलांच्या दुकानात पाय एक्स-रे यंत्रात घालून बोटं बुटात नीट बसली का ते बघायचं. डीडीटी फवारणारी गाडी आली की तिच्या धुरामागे हुंदडायचं. शाळेत अणुबॉम्ब पडल्यावर बाकाखाली कसं बसायचं याची कवायत. घरी पप्पा सिगारेट ओढणार. डॉक्टरांची पसंती कुठल्या ब्रँडला हे जाहिरातीतच दिलेलं असे, त्यामुळे वेगळा सल्ला घ्यायला नको. सहलीला निघालात तर गाडीत पट्टा शोधू नका, आणि पेट्रोलमध्ये शिसं आहे.

राहता राहिला व्हिसा. त्याचं मात्र फार सुटसुटीत होतं. १९४६ च्या कायद्याने अख्ख्या भारताला वर्षाला १०० जागा दिल्या होत्या. शंभर लाख नव्हे, शंभर हजार नव्हे, नुसत्या शंभर. त्याआधी तर १९२३ च्या कोर्टाच्या निकालाने भारतीयांना नागरिकत्वाचीच मनाई होती. तेव्हा रांगेत उभे राहा. पुढे पंजाबी आहेत, गुजराती आहेत, नंबर लागेलच.

आणि हो, जेवणाचं. १९५४ पासून तिथे अ‍ॅल्युमिनियमच्या ताटलीत गोठवलेलं जेवण विकायला आलं होतं. टीव्हीसमोर बसून खायचं, आत टर्कीचं मांस. हॉटेलात खाऊ म्हणत असाल, तर ऑगस्ट १९५५ मध्ये भारताचे राजदूत गगनविहारी मेहता ह्यूस्टनच्या विमानतळावरच्या उपाहारगृहात बसले होते. त्यांना उठवून वेगळ्या खोलीत बसायला सांगितलं. परराष्ट्रमंत्री डलेस यांनी मागाहून दिलगिरी व्यक्त केली. तुमच्यासाठी डलेस तसदी घेतील असं काही मला वाटत नाही. निघताना दशम्या आणि लसणाची चटणी बांधून घ्या. चार दिवस टिकतात.