ट्रॅकवर न उतरलेली ट्रॅकची गाडी

‘फक्त डिलिव्हरीपुरते किलोमीटर’ हे शब्द वाचले की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. विक्रीला निघालेल्या जवळजवळ प्रत्येक ट्रॅक-ओन्ली सुपरकारच्या वर्णनात ते ठरलेले असतात. एकच मालक, कारखान्यातून आल्यापासून वातानुकूलित जागेत मुक्काम, सीटवरचे प्लास्टिकसुद्धा अजून तसेच, आणि शेवटी मोठ्या अभिमानाने जोडलेली ओळ: ट्रॅकवर एकदाही उतरवलेली नाही. जी गाडी ट्रॅकशिवाय दुसरीकडे कुठेही चालवता येत नाही, ती ट्रॅकवर गेली नाही हा तिचा गुण म्हणून छापला जातो आणि त्या गुणाचे जास्तीचे पैसे मागितले जातात. पैसे मोजणाराही भेटतो, आणि तोही ती पुन्हा झाकूनच ठेवतो.

ही गाडी मुळात कशी तयार होते, ते एकदा नीट पाहावे. आवाज, धूर, दिवे, बंपर, पादचाऱ्यांची सुरक्षितता असे सार्वजनिक रस्त्याचे सगळे नियम बाजूला ठेवून ती बांधलेली असते, आणि ते बाजूला ठेवले म्हणूनच तिचे वजन कमी, पंख मोठे आणि इंजिन मोकळे ठेवता येते. बहुतेक वेळा ती कोणत्याही शर्यतमालिकेच्या नियमांतही बसत नाही. रस्ता बंद, शर्यत बंद; उरतो तो फक्त बंदिस्त ट्रॅक आणि तिथला मोकळा दिवस. तेवढी एकच जागा तिच्या वाट्याला आलेली असताना तीही तिच्याकडून काढून घ्यायची, याला मी दुसरे काही म्हणू शकत नाही, हा त्या यंत्रावरचा अन्याय आहे.

शिवाय या गाडीतले जवळजवळ सगळे काही वेगातच जिवंत होते. २०१७ मध्ये आलेल्या फेरारी एफएक्सएक्स-के इव्होवर ताशी २०० किलोमीटरला सुमारे ६४० किलो डाउनफोर्स, म्हणजे गाडीला जमिनीवर दाबून धरणारा हवेचा जोर, येतो आणि कमाल वेगाला तो ८३० किलोपर्यंत जातो. लॅम्बोर्गिनी एसेन्झा एससीव्ही१२ ताशी २५० किलोमीटरला १२०० किलोचा दाब घेते. हा दाब वाऱ्यातून येतो, आणि उभ्या गाडीवर वारा नसतो. स्लिक, म्हणजे खाचा नसलेल्या, शर्यतीच्या टायरचे रबर तापल्याशिवाय पकड देत नाही. शर्यतीसाठीचे कार्बन ब्रेक थंड असताना नीट धरत नाहीत. पगानी हुआयरा आरचे सहा लिटरचे, बारा सिलिंडरचे व्ही१२ इंजिन मिनिटाला ९००० फेऱ्यांपर्यंत चढावे म्हणून माणसांनी त्याच्या एकेका भागाचे वजन घटवण्यात आपले दिवस घातलेले असतात. हे सगळे झाकणाखाली ठेवले की मागे राहते ते नुसते सुबक, महाग, मुके कार्बन फायबर.

मी हे एकदा डोळ्यांनी पाहिले आहे आणि तो राग अजून उतरलेला नाही. ट्रॅक दिवसभरासाठी खुला होता, पृष्ठभाग कोरडा होता, ऊन स्वच्छ होते. बंद ट्रेलरमधून अशी एक गाडी उतरवली गेली. मेकॅनिकांनी हातमोजे घालून झाकण काढले, इंजिनाचे तेल बाहेरून तापवायला घेतले, चारही चाकांना तापवणारी ब्लँकेट गुंडाळली. हे काम तासभर चालले होते, आणि आम्ही आपापल्या गाड्या सोडून कुंपणापाशी जमलो होतो. मग इंजिन सुरू झाले. तो आवाज छातीत बसला. शेजारी उभ्या असलेल्या एका मुलाने कानांवरचे हात काढून टाकले, कारण त्याला तो पूर्ण ऐकायचा होता. मालक आत बसले, छायाचित्रकाराने समोरून, बाजूने आणि मागून छायाचित्रे घेतली, आणि इंजिन बंद झाले. एकही फेरी झाली नाही. पिटमधून, म्हणजे ट्रॅकलगतच्या गाड्या तयार करण्याच्या जागेतून, बाहेर पडून परत येण्याएवढीसुद्धा नाही. ब्लँकेट काढल्यावर एका मेकॅनिकने टायरवर तळवा ठेवला आणि तो क्षणभर तिथेच राहू दिला. टायर गरम होता आणि त्यावरची साच्यातून आलेली चकाकीसुद्धा गेलेली नव्हती. वीस मिनिटांत गाडी पुन्हा ट्रेलरमध्ये होती.

यावर ठरलेले उत्तर मिळते की न चालवल्याने गाडी जपली जाते. हे साफ खोटे आहे, आणि या गाड्या हाताळणाऱ्या प्रत्येक मेकॅनिकला ते ठाऊक असते. उभ्या गाडीचे टायर कडक होतात आणि खालून चपटे पडतात. रबरी सील सुकतात. आगविरोधी यंत्रणेची तपासणी वेळच्या वेळी करावीच लागते, आणि चालकाला सीटशी बांधणाऱ्या शर्यतीच्या पट्ट्यांवर तर मुदतीची तारीखच शिवलेली असते. टाकीच्या आत जी लवचीक इंधनपिशवी असते, तिला शर्यतीच्या नियमांनी निर्मितीपासून ५ वर्षांची मुदत दिलेली आहे. त्यानंतर ती बदलावी तरी लागते किंवा तपासून मुदत वाढवून घ्यावी लागते. म्हणजे एकही फेरी न मारलेली गाडी दहा वर्षांनी विकायला निघते तेव्हा तिचे टायर, पट्टे आणि इंधनपिशवी यांवर भरवसा ठेवून कोणी शहाणा माणूस तिला ट्रॅकवर नेणार नाही. तिला ‘नवीकोरी’ म्हणणे ही खरेदीदाराची सरळ फसवणूक आहे.

दोष केवळ मालकांचा नाही. बनवणाऱ्या कंपन्यांनीच ही सवय लावली आहे. ॲस्टन मार्टिन व्हल्कनच्या २४ गाड्या, हुआयरा आरच्या ३०, बुगाटी बोलीदच्या ४०, गॉर्डन मरे यांच्या टी.५०एसच्या २५: गाडीचे नाव घेतले की त्यापाठोपाठ आकडा येतो, आणि तो आकडा संग्राहकाला काय सांगतो हे सर्वांना माहीत आहे. मॅक्लारेन पी१ जीटीआर सुरुवातीला ज्यांच्याकडे आधीच पी१ होती त्यांनाच देऊ केली गेली. म्हणजे गाडी कोणाला मिळणार, हे त्याला ती चालवता येते का, यावर ठरत नव्हते. त्याच्या गॅरेजात आधीपासून काय उभे आहे, यावर ठरत होते. एसेन्झा एससीव्ही१२ च्या ४० मालकांसाठी लॅम्बोर्गिनीने सांत’आगाता बोलोन्येझे येथे खास हँगर उभारला आणि आपली गाडी चोवीस तास पाहता यावी म्हणून तिथे वेबकॅमची सोयही केली. त्या उपक्रमात ट्रॅकवरचे दिवस, प्रशिक्षक आणि मेकॅनिकही होते, हे मी मान्य करतो, आणि फेरारीचा एक्सएक्स उपक्रमही मालकांना खऱ्याखुऱ्या ट्रॅकवर नेतो. पण ८३० अश्वशक्तीची गाडी कॅमेऱ्यातून पाहत बसण्याची सोय कोणाला हवीशी वाटली असेल, या विचारानेच माझे डोके फिरते. उभ्या गाडीत चोवीस तास पाहण्यासारखे काय असते?

व्हल्कन आणि पी१ जीटीआर यांतल्या काही गाड्या नंतर खटपट करून रस्त्यासाठी पात्र करून घेतल्या गेल्या. शुद्धतावादी लोक त्यांना नावे ठेवतात. मी ठेवत नाही. दिवे बदलले, उंची वाढवली, आवाज दाबला, तरी निदान त्या गाडीची चाके फिरतात.

‘गाडी आमची, पैसे आमचे’ हे वाक्यही मी पुष्कळदा ऐकले आहे. कायद्याने ते खरे आहे आणि मला कोणाच्या श्रीमंतीचा हेवा नाही. पण मोल जपण्याच्या नावाखाली गाडी कोंडणाऱ्यांनी फेरारी २५० जीटीओकडे पाहावे. १९६२ ते १९६४ या काळात ती अवघी ३६ बनली, आणि घेणाऱ्यांनी ती शर्यतीत उतरवण्यासाठी घेतली. त्या गाड्या आपटल्या, त्यांचे पत्रे बदलले, इंजिने उघडली गेली, आणि त्यांतल्या काही आजही इंग्लंडमधील गुडवुडच्या ट्रॅकवर दुसऱ्या गाड्यांच्या अंगाला अंग लावून पळतात. अशीच शर्यती मारलेली एक जीटीओ २०१८ मध्ये अमेरिकेतील माँटेरे येथील लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरांना गेली. तिची किंमत तिने ट्रॅकवर काय केले यातून आली. साठ वर्षांनी आजच्या या झाकलेल्या गाड्यांबद्दल सांगायला काय असेल? त्या किती थंड हवेत ठेवल्या होत्या, एवढेच?

कंपन्या म्हणतील की विकल्यानंतर आमच्या हातात काही नसते. हेही मला पटत नाही. फोर्डने २०१७ च्या जीटी गाडीच्या खरेदीदारांकडून दोन वर्षे गाडी विकणार नाही असे लिहून घेतले होते आणि ते मोडणाऱ्यांवर दावेही लावले. नफेखोरी रोखण्यासाठी करारात कलम घालता येते, तर फेऱ्यांसाठीही घालता येते. वर्षाला ठरावीक फेऱ्या, त्यांची कारखान्याच्या अभियंत्याने केलेली नोंद, आणि लागोपाठ दोन वर्षे गाडी उतरवली नाही तर ठरलेल्या किमतीला ती परत घेण्याचा कंपनीचा हक्क. मालकाला स्वतः चालवायची भीती वाटत असेल तर त्याने चालक नेमावा, आपण शेजारच्या सीटवर बसावे, नाहीतर पिटच्या भिंतीपाशी उभे राहून ऐकावे. पण तापवलेले टायर थंड करून गाडी ट्रेलरमध्ये परत ढकलण्याची परवानगी कोणालाही असू नये.