पत्रांना लॅमिनेशन नको
तरुण चित्रकाराने वडिलांना पाठवलेली सचित्र पत्रं कशी जपायची, या प्रश्नावर कुणीतरी 'लॅमिनेशन करून घ्या' (म्हणजे प्लास्टिकच्या आवरणात कायमची बंद करा) असं सुचवलंय. कृपया अजिबात करू नका! उष्णतेने वितळलेला गोंद कागदात मुरतो, तो मग निघत नाही. सेलोटेपचंही तेच, पिवळा डाग कायमचा राहतो. आधी टाचण्या, स्टेपल हलक्या हाताने काढा. पुण्याच्या पावसाळ्यात त्यांचा गंज थेट चित्रात उतरतो. मग दोन्ही बाजू आणि पाकीटसुद्धा (पत्रावर तारीख नसेल तर पोस्टाचा शिक्काच कामी येतो) स्कॅनरच्या काचेवर ठेवून ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा. जलरंग आणि फाउंटन पेनची शाई ओलाव्याने फुटते, त्यामुळे घड्या घालवायला इस्त्री किंवा ओला बोळा नको. आम्लमुक्त (ज्यातल्या आम्लाने कागद पिवळा पडत नाही अशा) फोल्डरमध्ये सपाट ठेवा. भिंतीवर लावायचं असेल तर प्रिंट लावा, मूळ पत्र उजेडात फिकं पडतं.